सतरा म्हणजे पास का नापास?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एडिसनमध्ये ओक ट्री रोडपासून दोन गल्ल्या आत राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "तू त्या कॅन्सरच्या लॅबमध्ये असतेस ना? मग जरा येऊन जा. एक कागद वाचून दाखव." मी गेले. डायनिंग टेबलवर चहा, खारी, आणि मधोमध तो कागद. काकूंचं वय ५९. मॅमोग्राममध्ये छोटी गाठ दिसली, ती ऑपरेशन करून काढली, काखेतल्या लसिका ग्रंथींत काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी गाठीचा तुकडा कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत पाठवला. तिथून उत्तर आलं होतं : १७.

"शंभरपैकी सतरा," काकू म्हणाल्या. "म्हणजे पास का नापास?"

त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. घरातली सगळी इंग्रजी पत्रं लहानपणापासून तीच वाचून दाखवते. तिने आईला सांगितलं होतं, "आई, ही जेनेटिक टेस्ट आहे." भाषांतर म्हणून फार चुकीचं नाही. पण त्या एका वाक्याने घर हादरलं होतं. मी निघाले तेव्हा काका बूट घालायच्या निमित्ताने दाराशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जेनेटिक म्हणजे पोरीतही आलंय का गं? तिच्यासाठी स्थळं बघतोय. सांगावं लागेल का?"

हा लेख त्या मुलीसाठी आहे. म्हणजे तुमच्यासाठीच, कारण आज ना उद्या असा एखादा कागद तुमच्या घरी येईल आणि तो मराठीत सांगायची जबाबदारी तुमच्यावर पडेल. (मी प्रयोगशाळेतली डॉक्टर आहे, दवाखान्यातली नाही. उपचारांचा सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.)

दोन शब्द, दोन गोष्टी

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत : 'आनुवंशिक' आणि 'जनुकीय'. बोलताना आपण ते एकच समजून वापरतो, आणि काकांची भीती तिथूनच येते.

आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतला बिघड जन्मतःच असेल, तर तो शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. तो शोधायला रक्त किंवा लाळ पुरते. पण स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींमध्येच असा वारशाने आलेला बिघड कारणीभूत असतो.

काकूंची तपासणी वेगळी होती. ती गाठीवर केली होती, रक्तावर नाही. तिने विचारलेला प्रश्न होता : या गाठीत आत्ता कोणती जनुकं किती काम करतायत? याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

पेटी डोळ्यांसमोर आणा, आपली हार्मोनियम. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे तीच पेटी आहे, सुमारे वीस हजार पट्ट्यांची. डोळ्याची पेशी काही पट्ट्या दाबते, यकृताची पेशी दुसऱ्या. पट्टी दाबली गेली की त्या जनुकाची आरएनए नावाची तात्पुरती नक्कल तयार होते आणि त्यावरून प्रथिन बनतं. नकला जितक्या जास्त, तितका तो सूर मोठा. कर्करोगात काही पट्ट्या मोडलेल्या असतात, काही दाबून अडकलेल्या, काही मुक्या झालेल्या. काकूंच्या कागदावरचा १७ हा आकडा त्या गाठीतून कोणते सूर किती जोरात येत होते याचा हिशोब आहे. गाठ काढून टाकली, तिचे सूर तिच्याबरोबर गेले. ते मुलीला वारशात मिळत नाहीत.

हे आज मला चार वाक्यांत सांगता येतं. पण हे चार वाक्यांचं ज्ञान जमायला पाऊणशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर मुंबईतलं परळ आणि इथून तासा-दीड तासावरचं कॅम्डेन ही दोन्ही गावं लागतात.

परळ : उंदीर आणि एक पोस्टडॉक

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. कर्करोग सगळ्यांना सारखा होत नाही, तो खाण्यापिण्याच्या, राहणीच्या, जातीजमातींच्या रेषांनी वेगवेगळा दिसतो, हे त्यांनी मुंबईच्या रुग्णांवरून दाखवायला सुरुवात केली होती. पुढे १९५०च्या दशकात उभ्या राहिलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक.

त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे आल्या. माहेरच्या कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, मुलीला मात्र जीवशास्त्रच हवं होतं. एमएस्सीचा विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचं पेशी-आनुवंशशास्त्र! गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिव्यांशी लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या, टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. नंतर पोस्टडॉक म्हणून गेल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून हीला ही पेशीमालिका तयार झाली. माणसाच्या पेशी शरीराबाहेर काचेत कशा वाढवायच्या, हे शिकायला तेव्हा याहून चांगली जागा नव्हती.

एच-वन आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून मी ही गोष्ट वाचते तेव्हा एका वाक्यापाशी थांबते : त्या परत गेल्या. परळला जाऊन त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेची धुराही काही वर्षं सांभाळली. १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या संस्थापकांत त्या होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या.

पण त्यांचा प्रश्न काय होता ते महत्त्वाचं. स्तनाचा कर्करोग ठरावीक वंशाच्या उंदरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसायचा. मग दोष रक्तातला? की संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा? की एखाद्या विषाणूचा? रणदिवेबाईंनी या तिघांचा एकमेकांशी संबंध शोधायचा प्रयत्न केला. 'हे घराण्यात आहे' असं म्हणून न थांबता 'घराण्यात नेमकं काय आहे' असं विचारणं, हे त्यांच्या कामाचं सार. तेव्हा जनुकांचे सूर ऐकायचं साधन कोणाकडेच नव्हतं. पेटी बंद होती, बाहेरून अंदाज चालले होते.

कॅम्डेन : दुधाची वाट

विषाणूची शंका कुठून आली? १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग जाहीर केला. ज्या वंशात कर्करोग फार, त्या उंदरांची पिल्लं जन्मल्याबरोबर उचलून दुसऱ्या वंशाच्या आईच्या दुधावर वाढवली. त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण कमी झालं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येणारी ती गोष्ट जन्माने कमी आणि दुधातून जास्त येत होती. पुढे दुधातला तो घटक विषाणू निघाला : उंदरांच्या स्तनार्बुदाचा विषाणू.

उंदरांत आहे तर माणसांत का नसेल? इथे न्यू जर्सी येते. कॅम्डेनच्या इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये (आजचं कोरिएल इन्स्टिट्यूट) डॅन मूर आणि सहकारी माणसाच्या दुधात तसे कण शोधत होते. त्यांना अशा बायकांचं दूध हवं होतं ज्यांच्या समाजात स्तनाचा कर्करोग जास्त आहे. मुंबईतला पारशी समाज लहान, आपापसात लग्नं करणारा, आणि त्यातल्या स्त्रियांमध्ये हा आजार शहरातल्या इतर समाजांपेक्षा स्पष्टपणे जास्त. म्हणून परळच्या संशोधकांची मदत घेतली गेली. मुंबईतल्या पारशी बाळंतिणींनी दिलेलं दूध तपासलं गेलं. एम. आर. दास, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम परळला रुजवणाऱ्या सत्यवती सिरसाट आणि मूर यांच्या नावांनी १९७२ मध्ये या दुधातल्या कणांवर शोधनिबंध निघाला. आधीच्या वर्षी, १९७१ मध्ये, मूर यांच्या गटाचं काम 'नेचर'मध्ये आलं होतं आणि जगभर खळबळ उडाली होती : आईच्या दुधातून मुलीला कर्करोग जातो की काय?

नाही जात. दूध पाजल्याने मुलींचा धोका वाढतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. उलट पाजणाऱ्या आईचा धोका थोडा कमी होतो. आणि माणसांमध्ये असा विषाणू या आजाराचं कारण आहे, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग सगळं फुकट गेलं? तसं नाही. उंदरांचा तो विषाणू नेमकं काय करतो, याचा माग काढत १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात रोएल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस एका जागी पोचले. विषाणू उंदराच्या डीएनएमध्ये घुसतो आणि कित्येक गाठींमध्ये तो एकाच जनुकाच्या शेजारी जाऊन बसलेला सापडतो. ते जनुक मोडलेलं नव्हतं. त्यापासून बनणारं प्रथिनही नेहमीचंच होतं. फरक एवढाच, की स्तनाच्या पेशीत जी पट्टी मुकी असायला हवी, ती विषाणूने दाबून धरली होती.

हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. जनुक शाबूत असूनही, नुसतं नको तिथे बोलू लागलं म्हणून कर्करोग सुरू होऊ शकतो. दुधाच्या वाटेने निघालेली माणसं विषाणू शोधायला गेली, आणि हाती लागली अभिव्यक्ती.

कॅम्डेनची आणखी एक आठवण माझ्या रोजच्या कामात आहे. १९७८ मध्ये त्याच संस्थेत एत्येन लाफार्ग आणि सहकाऱ्यांनी साठ वर्षांच्या एका बाईच्या गाठीपासून बीटी-४७४ नावाची पेशीमालिका तयार केली. मी दर दोन दिवसांनी त्या पेशींचं पाणी बदलते, म्हणजे पोषकद्रव. तिचं नाव मला माहीत नाही. ती काकूंच्याच वयाची होती, एवढं माहीत आहे.

एका पट्टीपासून एकवीस पट्ट्यांपर्यंत

बीटी-४७४ मध्ये एक पट्टी अडकलेली आहे : हर-टू. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या रुग्णांच्या गाठीत हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्यांचा आजार लवकर उलटतो. हे नुसतं वाईट भाकीत होतं. पण ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि भाकिताचं उपचारात रूपांतर झालं. त्या औषधावरच्या असंख्य प्रयोगांत कॅम्डेनच्या त्या अनाम बाईच्या पेशी वापरल्या गेल्यात.

त्याआधीची पट्टी इस्ट्रोजेन ग्राहकाची. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीट्सन यांनी बीजकोश काढल्यावर काही जणींची गाठ आक्रसते हे पाहिलं होतं. काहींचीच का, याचं उत्तर १९५०-६०च्या दशकांत शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी दिलं : ज्या गाठीत इस्ट्रोजेन धरून ठेवणारं प्रथिन असतं, तीच संप्रेरकांचं ऐकते. १९७७ मध्ये टॅमॉक्सिफेन अमेरिकेत मंजूर झालं. आज सांगलीत असो वा एडिसनमध्ये, रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं असतातच. ती या तीन पट्ट्या. तिन्ही मुक्या असतील तर 'ट्रिपल निगेटिव्ह'.

मग २००० साली सगळी पेटीच उघडली. चार्ल्स पेरू आणि स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी ४२ स्त्रियांच्या गाठींमध्ये एकाच वेळी आठ हजारांहून जास्त जनुकांची अभिव्यक्ती मोजली. दोन गोष्टी दिसल्या. एक, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी सुरांवरून वेगळ्या कुळांच्या निघाल्या. दुसरी, केमोच्या आधी आणि नंतर घेतलेले एकाच बाईच्या गाठीचे नमुने बहुतेक वेळा एकमेकांशीच जुळले. प्रत्येक गाठीची स्वतःची ओळख असते आणि ती सहज पुसली जात नाही.

आता काकूंचा आकडा. पूर्वी अशा गाठीनंतर बहुतेकींना केमो दिली जायची, कारण कोणाची परत येईल हे कळायचं नाही. पण मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेल्या जुन्या गाठी इस्पितळांत होत्या, आणि त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंदही होती. २००४ मध्ये सूनमयोंग पाइक आणि सहकाऱ्यांनी, पूर्वी टॅमॉक्सिफेन घेतलेल्या ६६८ जणींच्या ठोकळ्यांतून आरएनए काढून २१ जनुकं मोजली. त्यांतली १६ कर्करोगाशी संबंधित, आणि ५ तुलनेसाठी, आपल्या तानपुऱ्याच्या षड्जासारखी. त्यावरून शून्य ते शंभर असा आकडा काढला. कमी आकड्याच्या गटात १० वर्षांत आजार दूर पसरण्याचं प्रमाण ६.८ टक्के, मोठ्या आकड्याच्या गटात ३०.५ टक्के. हीच ती ऑन्कोटाइप डीएक्स चाचणी.

मधल्या आकड्यांचं काय, याचं उत्तर २०१८ मध्ये टेलरेक्स या मोठ्या चाचणीने दिलं. ११ ते २५ आकडा असलेल्या ६,७११ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं : एकीला फक्त संप्रेरकविरोधी औषध, दुसरीला सोबत केमो. नऊ वर्षांनी दोन्ही गटांचं चित्र जवळपास सारखं होतं. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ आकड्याच्या स्त्रियांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला.

म्हणून १७ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. काकू ५९ वर्षांच्या, ग्रंथी स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. त्यांच्यासाठी १७ म्हणजे केमोची गरज नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईचा हाच १७ असता तर डॉक्टरांनी तिला बसवून वेगळी चर्चा केली असती.

कोणाचे सूर ऐकले?

आता जरा अडचणीचं. टेलरेक्समधल्या बहुतांश स्त्रिया गोऱ्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचे आकडे साधारण तसेच आले, तरी त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे आकडा सारखा असून पुढची वाट सारखी नव्हती. आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई स्त्रिया या अभ्यासांत इतक्या थोड्या असतात, की आपल्याबद्दल तितक्याच खात्रीने बोलणं अवघड होतं. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षं लवकर दिसतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही जास्त आढळतं. पन्नाशीचा उंबरठा या चाचणीत किती महत्त्वाचा आहे ते आत्ताच पाहिलं, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

काकूंची धाकटी बहीण सांगलीला असते. काही वर्षांपूर्वी तिलाही अशीच गाठ झाली होती. तिला सगळी केमो मिळाली. केस गेले, बोटं बधिर झाली, दुकान सहा महिने बंद राहिलं. तिचा आकडा कोणी काढलाच नाही. ऑन्कोटाइपचा खर्च भारतात लाखांच्या घरात जातो आणि तो बहुतेकांच्या खिशातून द्यावा लागतो. काकूंचा इथला खर्च इन्शुरन्सने उचलला. तिची केमो चुकीची होती असं मी म्हणत नाही, तिला गरज असेलही. पण दोन बहिणींपैकी एकीला विचार करायला एक आकडा मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही.

यावर काम चालू नाही असं नाही. बंगळूरुच्या ऑन्कोस्टेम या कंपनीत मंजिरी बाकरे यांच्या गटाने कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची चाचणी बनवली. ती आरएनए मोजत नाही. पाच प्रथिनं नेहमीच्या रंगकामाने तपासून त्यात गाठीचा आकार वगैरे तीन गोष्टी मिळवते. खर्च बराच कमी, आणि ती भारतीय रुग्णांच्या गाठींवर उभी राहिली. ट्रास्टुझुमॅबचं स्वस्त जैवसदृश औषध बायोकॉनने २०१४ मध्ये भारतात आणलं.

आणि एक लक्षात ठेवा : हे सगळे आकडे गाठ लवकर सापडली तरच उपयोगाचे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हातांनी स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ना पेटी, ना पट्ट्या. फक्त हात, आणि दार उघडणारी बाई.

कागद घरी आला तर

आईला, मावशीला, आत्याला समजावून सांगायची वेळ आली तर आधी तीन गोष्टी बघा. नमुना रक्ताचा होता की गाठीचा? गाठीचा असेल तर तो सहसा अभिव्यक्तीचा रिपोर्ट आहे, घराण्याचा दाखला नव्हे. ईआर, पीआर, हर-टू काय आहेत? आणि आकडा असेल तर तो वय व ग्रंथींच्या स्थितीसकट वाचला आहे ना? घरात दोघी-तिघींना हा आजार झाला असेल, किंवा कोणाला फार तरुणपणी झाला असेल, तर आनुवंशिक तपासणीबद्दल वेगळा प्रश्न विचारा. तो वेगळा कागद आहे.

हा शेवटचा प्रश्न काकूंच्या घरातही विचारावा लागला, कारण बहिणीलाही आजार होऊन गेला होता. मुलीनेच तो डॉक्टरांना विचारला. काकूंच्या रक्ताची तपासणी झाली, ज्ञात असा बिघड सापडला नाही. काकांना मी इतकंच म्हटलं, की सापडला असता तरी ती लपवायची गोष्ट नसती. ज्यांना लवकर माहीत होतं, त्यांना लवकर तपासता येतं.

काकू आता रोज एक गोळी घेतात, सांधे दुखतात म्हणून कुरकुरतात. "म्हणजे सतराला पास होते ना इथे?" त्यांनी परवा पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी फोन उचलला आणि सांगलीला लावला. बहिणीची पुढची मॅमोग्राफी राहून गेली होती, ती कधी करणार, ते विचारायला.